प्रबंध टाइप केलेला बाप

टाइप करताना मजकूर वाचायचा नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम. डोळ्यांनी अक्षरं उचलायची, बोटांनी खाली ठेवायची, मधल्या मधे डोक्याला त्रास द्यायचा नाही. कॉलेजच्या गृहविज्ञान विभागात मी इतकी वर्षं लिपिक म्हणून टिकलो तो या एका नियमावर. शिवणकाम, बालसंगोपन, कपड्यांवरचे डाग, फळं टिकवण्याच्या पद्धती, सगळ्यांवरचे प्रबंध माझ्या बोटांखालून गेले आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. (बायको म्हणते, हे वेगळं सांगायची गरज नाही, दिसतंच.)

त्या दिवशी प्रिंटरमध्ये कागद अडकला. तो चिमटीत धरून हळूहळू ओढून काढला, आणि प्रिंटर थंड होईपर्यंत करण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून वाचला. एवढंच. एवढीच माझी चूक.

प्रबंधाचा विषय होता ‘शाळापूर्व वयाच्या बालकांच्या पालकांची कौटुंबिक पार्श्वभूमी व त्यांचे पोषणविषयक ज्ञान’. आणि त्या चुरगळलेल्या पानावर लिहिलं होतं, ‘ज्या कुटुंबांत वडिलांचे शिक्षण पदवीपर्यंत झाले असून नोकरी कारकुनी स्वरूपाची आहे, व घरात आजी राहते, अशा पालकांचे पोषणविषयक ज्ञान मध्यम स्वरूपाचे असल्याचे आढळून आले.’

मी पुन्हा वाचलं. पदवीपर्यंत: मी. कारकुनी: मी. घरात आजी: माझी आई. शाळापूर्व बालक: माझी मुलगी. फक्त माझा फोटो चिकटवायचा राहिला होता.

मध्यम! अहो, वाईट म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. मध्यम या शब्दाशी भांडणार कसं? ना धड शिवी, ना धड कौतुक.

प्रबंध लिहिणारी मुलगी समोरच बसली होती. मोठा चष्मा, त्याहून मोठी पिशवी, आणि मला ‘काका’ म्हणायची वाईट खोड.

“हे मध्यम म्हणजे नेमकं किती मध्यम?” मी विचारलं.

“काका, ती सरासरी आहे. तुम्हाला नाही म्हटलेलं.”

“पण मी त्यात बसतो.”

“तुम्ही कशाला बसताय त्यात? तुम्ही प्रिंट काढा ना.”

मी प्रिंट काढली. पण काढता काढता अख्खा प्रबंध वाचला, आणि संध्याकाळी घरी निघालो तो कारकून म्हणून नव्हे, तर एक जाणकार बाप म्हणून निघालो.

आता घरची मंडळी सांगतो. बायको पोस्टात काउंटरवर असते. दिवसभर रांगेतल्या लोकांना मोजक्या शब्दांत उत्तरं देऊन घरीही तिचं बोलणं तसंच झालंय: शिक्का मारल्यासारखं. आई आमच्याकडेच असते. आणि मुलगी, चार वर्षांची. जन्मली तेव्हा तिचं नाक सदऱ्याच्या गुंडीएवढं होतं म्हणून तिला गुंडी म्हणायला लागलो, ते नाक मोठं झालं तरी सुटलं नाही.

तर गुंडी फक्त पांढरं खाते. भात, दूध, केळं, कडा काढलेला ब्रेड. उकडलेल्या अंड्यातला पांढरा भाग खाते. पिवळा बलक नुसता दिसला तरी खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहते. हे पांढरंसुद्धा ती अशीतशी खात नाही. आई ताटली घेऊन तिच्यामागे फिरते. एक घास खिडकीत, एक घास मांजराला बघत, एक घास राजकन्येच्या गोष्टीत. त्या राजकन्येला आजवर इतके राक्षस पळवून नेऊन बसलेत की तिला आता सवय झाली असावी.

मी घरात शिरलो, चप्पल काढली आणि जाहीर केलं, “आजपासून गोष्ट बंद, खिडकी बंद, मांजर बंद.”

“मांजर आपलं नाहीये,” बायको म्हणाली.

“भरवणंही बंद. सदर बालिकेसमोर ताट ठेवावं. काय खायचं, किती खायचं, ते बालिका ठरवेल.”

“सदर बालिका?” आई म्हणाली. “अरे, तुला बरं वाटतंय ना? मी तुला पाच वर्षांचा होईपर्यंत गोष्टी सांगून भरवलंय. तू काय वाईट झालास?”

यावर बायकोला नेमका त्याच वेळी ठसका लागला.

“आई, प्रबंधात असं आढळून आलंय की...”

“कुणाला आढळलं?”

“एका संशोधिकेला.”

“तिला मुलं किती?”

हा प्रश्न मी दुसऱ्या दिवशी खरंच विचारला. तिचं लग्न व्हायचं होतं. हे मी घरी सांगितलं नाही.

तर ताट ठेवलं. भात, पालक, गाजर, वाटाणे, अंड्याचं अर्धुक बलकासकट. गुंडीनं ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ठरवलं. काहीच खायचं नाही असं ठरवलं. मी प्रसन्न चेहऱ्यानं बसून राहिलो. (प्रबंधात तसं सांगितलंय: पालकांनी चेहरा प्रसन्न ठेवावा. किती वेळ, ते सांगितलेलं नाही. माझे गाल दुखायला लागले.)

“ती उपाशी झोपेल,” आई म्हणाली.

“भूक लागली की मागेल.”

“आणि नाही मागितलं तर?”

“अहो, आधी तो कचरा खाली नेऊन या,” बायको म्हणाली. “सदर नवऱ्यानं तो काल पण नेलेला नाही.”

मी कचरा नेऊन आलो, तर गुंडी आणि आई दोघी न्हाणीघरात. हात धुवायला एवढा वेळ? दाराला कान लावला तर आतून राजकन्येचा आवाज येत होता. दार उघडलं. आई बादलीवर बसली होती, गुंडी तिच्या मांडीत, आणि अर्धं केळं लगबगीनं पदराखाली गेलं.

“आई!”

“दात घासत होतो आम्ही.”

“केळ्यानं?”

असा तो आठवडा चालला. मी नियम करायचा आणि बाकीच्यांनी न्हाणीघरात जायचं. सांगून सांगून माझा घसा बसला. पण ऑफिसात घसा बसलेला नव्हता. तिथे मी सांगत होतो, आमच्याकडे मुलगी स्वतःच्या हातानं जेवते, पालेभाजी मागून घेते, वगैरे. (वगैरेमध्ये बरंच होतं.) ते विभागप्रमुख मॅडमच्या कानावर गेलं. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माझ्या नोकरीत केबिनमध्ये बोलावणं म्हणजे शाई सांडल्याची चौकशी. या वेळी मला चक्क बसायला सांगितलं.

“आपल्या संशोधिकेची शनिवारी एका बालवाडीत पालकसभा आहे,” मॅडम म्हणाल्या. “पोषणावर. पण वडील लोक येतच नाहीत हो. एखादा बाप स्वतः उभा राहून बोलला तर फरक पडेल. तुम्ही बोलाल?”

बालवाडी कोणती, तर गुंडीचीच. तिथल्या बाई मला ओळखतात, पालक तोंडओळखीचे. अशा वेळी शहाणा माणूस काय म्हणेल? मी ‘हो’ म्हणालो.

घरी बायकोला सांगितलं, “शनिवारी माझं व्याख्यान आहे.”

“कशावर?”

“पोषणावर.”

“कोणाच्या?”

मी पिशवी उचलून दूध आणायला निघालो. पण जिना उतरतानाच लक्षात आलं की आपण फसलो. कारण सभेत गुंडी असणार. डबा असणार. आणि तो डबा उघडल्यावर आतून पांढरा भात निघाला की माझी शोभा होणार.

शुक्रवारी मी दुपारनंतर रजा टाकली. प्रबंधातलं एक वाक्य हाताशी होतं: ‘बालकांना स्वयंपाकात सहभागी करून घ्यावे.’ बाजारातून येताना टोपलीत बीट दिसलं आणि मला एकदम सुचलं. गुंडीला भाजी आवडत नसेल, पण रंग तर आवडतात! घरी आणून मी बीट किसलं, तिच्यासमोर भाताची वाटी ठेवली आणि म्हटलं, “रंगव.”

तिनं किसात बोट बुडवलं आणि भातावर टेकवलं. भात गुलाबी झाला. तिचे डोळे मोठे झाले. मग तिनं दोन्ही हात घातले. भात गुलाबी, ब्रेड गुलाबी, दूध गुलाबी, माझा पांढरा सदरा गुलाबी, ओट्यामागची भिंत गुलाबी. आणि मग, खोटं सांगत नाही, तिनं ते खाल्लं. स्वतःच्या हातानं. वर म्हणाली, “बाबा, अजून.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (थोडं किसण्यामुळेही असेल, बोट सोललं होतं.) मी अजून किसलं. तिनं अजून खाल्लं. संध्याकाळी गुलाबी अंडं खाल्लं, बलकासकट! आईसुद्धा दारात उभी राहून म्हणाली, “बापाला जमलं म्हणायचं काहीतरी.” बायकोनं भिंतीकडे पाहिलं, मग गुंडीच्या रिकाम्या ताटाकडे पाहिलं, आणि भिंतीबद्दल काहीच बोलली नाही. आमच्या घरात यापेक्षा मोठी शाबासकी नसते. त्या भरात मी गुंडीला वर एक वाटी बिटाचं सूपही दिलं.

शनिवारी सकाळी बायको लवकर पोस्टात गेली. मी आरशासमोर उभा राहून ‘उपस्थित पालकहो’ म्हणत होतो. तेवढ्यात न्हाणीघरातून आईची किंकाळी आली.

“अरे, धाव! पोरीला रक्त पडतंय!”

मी धावलो. गुंडी आपल्या छोट्या भांड्यावर निवांत बसली होती. आईनं बोट दाखवलं. मी पाहिलं. लाल. सगळं लालभडक.

विनोद म्हणून सांगतोय आता, पण तेव्हा भिंत धरावी लागली. प्रबंधातली जीवनसत्त्वं, खनिजं, सगळी एका क्षणात डोक्यातून गेली. उरलं एवढंच की माझ्या मुलीला काहीतरी झालंय आणि मला काही येत नाही. तिला चादरीत गुंडाळलं, उचललं, आई चपला शोधतेय तोवर जिना उतरलो. आई अनवाणीच मागून आली; रिक्षात बसल्यावर बायकोला फोन लावला.

“लाल होतंय गं!”

“काय लाल? मोठ्यानं बोला, रांग आहे.”

“गुंडीला! रक्त! डॉक्टरकडे चाललोय!”

पलीकडून खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

दवाखान्यात गर्दी. शनिवार सकाळ म्हणजे अर्धी बालवाडी तिथेच: कुणाला सर्दी, कुणाला लस. मला पाहून सगळ्यांनी आपणहून वाट दिली, इतका माझा चेहरा उतरला होता. डॉक्टरांची खोली म्हणजे एक पडदा. त्याच्या अलीकडे आम्ही, पलीकडे बाकावर पालक.

डॉक्टरांनी गुंडीचं पोट दाबलं. ती हसली. जीभ बघितली, डोळे बघितले. “ताप? उलटी? पोट दुखतंय का गं?”

“नाही,” गुंडी म्हणाली. “मला तो बर्फाचा चमचा दाखव.” (गार स्टेथोस्कोपला ती असं म्हणते.)

“काल काय खाल्लं हिनं?” डॉक्टरांनी मला विचारलं.

“समतोल आहार,” मी म्हणालो.

“म्हणजे काय?”

“प्रथिनं, पिष्टमय पदार्थ, लोह, तंतुमय...”

“अहो, भाजीचं नाव सांगा.”

आणि मला नाव आठवेना! घाबरल्यावर माणसाचं डोकं कसं चालतं बघा. लोह आठवत होतं, तंतू आठवत होते, भाजी आठवत नव्हती.

“डॉक्टरकाका,” गुंडीच म्हणाली, “मी बीट खाल्लं. भातात, दुधात, अंड्यात. बाबानं दिलं. मग सूप दिलं. मग अजून दिलं.”

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप कानातून काढला. हळूच. माझ्याकडे पाहिलं. त्यांचे खांदे हलायला लागले.

“बिटाचा रंग आहे हो तो. मुलांच्यात दिसतो असा. उद्यापर्यंत जाईल. घरी जेवणाचं बघतं कोण?”

“मी. मी या विषयावरचा प्रबंध...”

“लिहिलाय?”

“टाइप केलाय.”

पडद्यापलीकडून आधी एक जण फुसकन् हसला. मग दुसरा. मग अख्खा बाक.

त्याच वेळी पडदा बाजूला झाला आणि बायको आत आली. केस विस्कटलेले, हातात अजून शिक्का. तो काउंटरवर ठेवायचंही भान राहिलं नव्हतं तिला. तिनं आधी गुंडीला माझ्याकडून ओढून घेतलं, मग विचारलं. आई म्हणाली, “बीट होतं गं ते.” बायको खाली स्टुलावर बसली. एकदम बसली. मला वाटलं आता ओरडणार. ती रडली. शिक्का मांडीवर, तोंड गुंडीच्या केसांत, आवाज न करता. मी खांद्यावर हात ठेवला तर तिनं तो झटकला नाही, आणि त्यानं मला जास्तच अपराधी वाटलं.

मग तिनं नाक पुसलं, माझ्या सदऱ्याकडे पाहिलं. घाईत मी कालचाच घातला होता, गुलाबी ठिपक्यांचा.

“सभा किती वाजता आहे?” तिनं विचारलं.

“मी नाही जात. बाहेर सगळ्यांनी ऐकलंय. आता कुठल्या तोंडानं...”

“आहे त्याच. मी रांग सोडून आलेय. फुकट नाही आले. चला.”

बालवाडीतल्या खुर्च्या चार वर्षांच्या माणसासाठी केलेल्या असतात. मी बसलो तर गुडघे कानांशी आले. समोर दवाखान्यातला अख्खा बाक येऊन बसला होता, आणि जे दवाखान्यात नव्हते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्यांनाही सविस्तर माहिती मिळालीय. संशोधिकेनं माझी ओळख करून दिली, “एक जागरूक पालक.” मागे कुणीतरी खोकलं.

मी उभा राहिलो. खुर्चीही माझ्याबरोबर उठली. ती बाईंनी ओढून काढली.

“उपस्थित पालकहो,” मी सुरू केलं, “सदर विषयावर...”

पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी रुमाल तोंडात कोंबला. मी हातातले कागद पाहिले. मग दुमडून खिशात ठेवले. वैताग आला होता मला: त्या कागदांचा, बिटाचा, सगळ्यात जास्त स्वतःचा.

“बरं, ऐका,” मी म्हटलं. “आठवडाभर आमच्याकडे काय झालं ते सांगतो.”

आणि सांगितलं. न्हाणीघरातलं केळं, प्रसन्न चेहरा, भिंत, रिक्षा, सगळं. लोक हसले. पण हसता हसता एक गंमत झाली. एक बाई म्हणाल्या, माझा मुलगा आठवडेच्या आठवडे फक्त बिस्किटं खातो, सासूबाईंना वाटतं मी उपाशी ठेवते. कोपऱ्यातला एक बाप उठला आणि म्हणाला, “आमचा डबा रोज रिकामा येतो, कारण उरलेली भाजी वाटेत मी खातो. पोरगं खातं असं घरी वाटतं.” त्याची बायको शेजारीच बसली होती. तिला ते आत्ताच कळत होतं. मग माझी आई उभी राहिली आणि न बोलावता म्हणाली, “मी लपवून भरवते. पोर जेवलं नाही तर मला झोप येत नाही. तुमच्या प्रबंधात माझ्यासाठी काय आहे?” संशोधिकेनं चष्मा वर सरकवला. “आजी,” ती म्हणाली, “हे मला विचारायलाच सुचलं नव्हतं.” आणि ती आईशेजारच्या छोट्या खुर्चीवर जाऊन बसली.

तेवढ्यात मागून हात वर झाला. बायकोचा.

“वक्त्यांनी स्वतः बीट खाल्लं का?”

“नाही,” मी म्हणालो. “मला वास सहन होत नाही.”

यावर इतकं हसणं झालं की शेजारच्या वर्गात झोपवलेली मुलं उठली.

सभा संपली तरी लोक हलेनात. दोन-तीन बापांनी माझ्याशी हात मिळवला. बायको दारात गुंडीला चप्पल घालत होती आणि, मी नीट पाहिलं, हसत होती. माझी छाती फुगली. म्हटलं, प्रबंध नसेल लिहिला, पण बोलतो मी बरं.

बालवाडीच्या बाई लगबगीनं आल्या. “फार सुंदर झालं हो! इतके पालक कधी बसत नाहीत. पुढच्या महिन्यात पुन्हा याल का?”

“येईन की,” मी शक्य तितक्या नम्रपणे म्हणालो. “पण मग थोडी तयारी करावी लागेल. विषय कोणता?”

“दात. दातांचे डॉक्टर येणारेत. फार हुशार माणूस, पण बोलायला लागले की सगळे पेंगतात. तुम्ही फक्त आधी थोडा वेळ उभे राहा.”

“अहो पण बाई, मला दातांतलं काहीच कळत नाही.”

“म्हणूनच तर,” बाई म्हणाल्या.